व्हिस्कीचे रसपरीक्षण : शैली, निकष आणि उष्ण किनारपट्टीवरील वयाचा प्रश्न

प्रस्तावना

रत्नागिरीच्या बाजारात हापूस पारखणारा जाणकार केवळ फळाच्या रंगावर विसंबत नाही. देठाजवळचा गंध, सालीचा पोत आणि हाताला जाणवणारा मऊपणा यांचा तो एकत्रित विचार करतो. तरीही आत साका असेल, तर तो फळ कापल्याखेरीज कळत नाही. बाह्य खूण आणि आतील गुण यांत अंतर असू शकते, ही जाणीव कोणत्याही रसपरीक्षणाचा पाया होय. व्हिस्कीच्या बाबतीत अशी बाह्य खूण म्हणजे बाटलीवर छापलेला वयाचा आकडा. बारा वर्षे, अठरा वर्षे हे आकडे ग्राहकाच्या मनात गुणवत्तेचे समानार्थी बनले आहेत. हा निकष थंड हवामानाच्या स्कॉटलंडमध्ये रूढ झाला. तो कोकण-गोव्याच्या उष्ण व दमट किनारपट्टीवरील मद्यास कितपत लागू पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी प्रथम व्हिस्कीच्या प्रमुख शैली आणि परीक्षणाची पद्धत यांचा परिचय करून दिला आहे.

प्रमुख शैली

धान्य आंबवून, त्याचे ऊर्ध्वपातन करून मिळालेला मद्यार्क लाकडी पिंपात मुरवला की व्हिस्की तयार होते. धान्य, ऊर्ध्वपातनाचे पात्र, पिंप आणि मुरण्याचा काळ या चार घटकांच्या भेदातून शैली निर्माण होतात. स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की केवळ मोड आणलेल्या सातूपासून, एकाच कारखान्यात, तांब्याच्या पात्रांत तयार होते. कायद्याने स्कॉच व्हिस्की ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरावी लागते. आयला बेटावरील अनेक कारखान्यांत मोड आलेले सातू वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून दबलेल्या वनस्पतींचा, धूर वापरला जातो. त्यामुळे त्या व्हिस्कीस धुरकट व औषधी गंध प्राप्त होतो. आयर्लंडमध्ये मोड आणलेले व न आणलेले सातू एकत्र करण्याची आणि बहुधा तीन वेळा ऊर्ध्वपातन करण्याची परंपरा आहे. तिच्यामुळे मद्यास मुलायमपणा येतो. अमेरिकेच्या बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओक-पिंपांतच मुरवावी लागते. तिचा गोडसर, खरपूस गंध येतो तो मुख्यतः या पिंपांतून.

भारतात खपणाऱ्या स्वस्त व्हिस्कीचा पाया बहुतांशी साखर कारखान्यांतील मळीपासून काढलेला मद्यार्क हा असतो. युरोपीय संघाच्या व्याख्येनुसार असे मद्य व्हिस्की या नावाने विकता येत नाही. याउलट बंगळूरच्या अमृत कंपनीने २००४ मध्ये ग्लासगो येथे आपली सिंगल माल्ट प्रथम बाजारात आणली. दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणारी पॉल जॉन सिंगल माल्ट २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये दाखल झाली. या दोन्ही व्हिस्की सातूपासून बनतात. व्याख्येच्या दृष्टीने त्यांच्याविषयी वाद उद्भवत नाही.

परीक्षणाची पद्धत

शास्त्रीय परीक्षणात नमुन्याचे नाव, किंमत व वय परीक्षकापासून लपवले जाते. काही परीक्षक रंगीत काचेचे पेले वापरतात. स्कॉचमध्ये कॅरामेलचा रंग मिसळण्यास परवानगी असल्याने गडद रंग हा दीर्घकाळ मुरल्याचा पुरावा ठरत नाही आणि रंगामुळे मत आधीच बनण्याचा धोका असतो. पेला तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद असतो, त्यामुळे गंध एकवटतो. सौम्य नमुने आधी आणि धुरकट नमुने शेवटी घेतले जातात, कारण तीव्र धूर पुढील नमुन्यांची जाण बोथट करतो. परीक्षण बहुतांशी नाकानेच होते. घोट घेतलाच तर तो जिभेवर फिरवून बाहेर टाकला जातो.

गंध घेण्यापूर्वी नमुन्यात पाणी मिसळण्याची प्रथा जुनी आहे. तिचे संभाव्य कारण स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या ब्योर्न कार्ल्सन आणि रॅन फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाद्वारे मांडले. धुरकट गंधाशी निगडित ग्वायाकॉल हा रेणू मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४५ टक्के वा त्याहून कमी असताना द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो. हे प्रमाण ५९ टक्क्यांच्या पुढे गेल्यास तो मद्यार्काच्या रेणूंनी वेढला जातो व द्रवात खोल ओढला जातो. म्हणजे पाण्यामुळे व्हिस्की केवळ सौम्य होत नाही; तिचा गंध पृष्ठभागाजवळ येण्यासही मदत होते.

परीक्षकाची क्षमताही तपासावी लागते. त्यासाठी त्रिनमुना चाचणी वापरतात. तीन पेल्यांपैकी दोन समान व एक भिन्न असतो आणि भिन्न पेला ओळखावयाचा असतो. निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता एक-तृतीयांश असते. बारा प्रयत्नांत किमान आठ उत्तरे बरोबर आली, तर पाच टक्के सार्थकता पातळीवर तो निव्वळ योगायोग नाही असे मानता येते. आपल्याला फरक कळतो, असे छातीठोकपणे सांगणारे अनेक जण या चाचणीत अयशस्वी होऊ शकतात.

गंधाचे मूळ आणि मराठी शब्दसंपदा

परीक्षणातील प्रत्येक वर्णनामागे बहुधा एखादी रासायनिक किंवा निर्मितीविषयक घटना असते. व्हॅनिलाचा गोड गंध ओकमधील लिग्निनच्या विघटनातून येतो. खोबऱ्यासारखा गंध ओक-लॅक्टोनांचा आणि पिकलेल्या केळ्याचा गंध किण्वनात तयार झालेल्या एस्टरांचा असतो. विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास गंधकयुक्त संयुगांकडे निर्देश करतो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा चामड्याचा वास प्रमाणाबाहेर असल्यास ऊर्ध्वपातनाचा शेवटचा, टाकाऊ भाग अधिक प्रमाणात घेतला गेल्याची शंका येते.

इंग्रजी परिभाषेतील वर्णने मराठी वाचकास अनेकदा परकी वाटतात, कारण त्यांतील उपमा तेथील फळे, मिठाया आणि कुरणे यांवरून घेतलेल्या असतात. मराठीत मात्र गंध व चव यांचे सूक्ष्म भेद दाखवणारे शब्द विपुल आहेत. खमंग, खरपूस आणि करपट या तीन शब्दांत भाजण्याच्या तीन पायऱ्या सामावल्या आहेत. जाळलेल्या पिंपाचा परिणाम योग्य आहे की अतिरेकी, हे त्यांतून नेमके सांगता येते. कुबट आणि खवट हे दोषवाचक शब्द एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. काकवी, सुके खोबरे, काथ्या, चुलीच्या धुराने भरलेले माजघर हे संदर्भ कोकणी परीक्षकास स्पष्टीकरणावाचून समजतात. ज्या गंधास नाव देता येते तोच पुन्हा ओळखता येतो. त्यामुळे परिभाषेचा प्रश्न केवळ भाषिक राहत नाही.

वयाचा निकष आणि किनारपट्टीचे हवामान

पिंपातील मद्य मुरत असताना त्याचा काही अंश सतत उडून जातो. त्यास पाश्चात्त्य परंपरेत देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला सुमारे दोन टक्के असते. भारतातील उष्ण हवामानात ती आठ टक्के वा त्याहून अधिक भरते. चक्रवाढीने हिशेब केल्यास २०० लिटरच्या पिंपात बारा वर्षांनंतर दोन टक्के दराने सुमारे १५७ लिटर मद्य उरते. आठ टक्के दराने अवघे ७४ लिटर. अमृत कंपनीने २०१३ मध्ये आठ वर्षे मुरवलेल्या आपल्या व्हिस्कीस 'लोभी देवदूत' अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले, त्यात हाच अनुभव व्यक्त झाला आहे. अशा स्थितीत बारा किंवा अठरा वर्षांचा आकडा मिळवणे उत्पादकास परवडत नाही आणि ते नेहमी हितकारकही नसते. उष्णतेमुळे लाकडातील द्रव्ये वेगाने उतरतात. पिंपात अधिक काळ ठेवलेले मद्य तुरट व करपट होऊ शकते.

हवेतील दमटपणाचाही परिणाम होतो. कोरड्या कोठारात पाणी अधिक उडते व मद्याची तीव्रता वाढते. दमट कोठारात मद्यार्क तुलनेने अधिक उडतो व तीव्रता घटते. रत्नागिरी ते गोवा या पट्ट्यात हिवाळाही उबदार असतो आणि पावसाळ्यातील आर्द्रता अतिशय अधिक असते. येथील मुरण्याची गती स्कॉटलंडच्या दिनदर्शिकेने मोजणे त्यामुळे सदोष ठरते.

मात्र याचा अर्थ वय गैरलागू आहे असा होत नाही. लाकडातील द्रव्ये उतरण्याचा वेग वाढला तरी मुरण्यातील सर्व रासायनिक क्रिया त्याच प्रमाणात वेगवान होत नाहीत. गडद रंग आणि भरपूर व्हॅनिला असूनही मागे कच्च्या मद्यार्काचा झणका उरलेला असू शकतो. उष्ण हवामान हे अपक्व मद्याचे समर्थन होऊ शकत नाही. परीक्षकाने म्हणूनच दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : लाकडाचा अंश पुरेसा आहे काय, आणि मूळ मद्यार्काचा कच्चेपणा गेला आहे काय? यांची उत्तरे लेबलवर सापडत नाहीत; ती पेल्यातच शोधावी लागतात.

या प्रश्नास आर्थिक बाजूही आहे. जुलै २०२५ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून प्रथम ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत आणण्याचे ठरले. स्वस्त झालेल्या स्कॉचवरील मोठा आकडा आणि भारतीय बाटलीवरील आकड्याचा अभाव यांची तुलना ग्राहक करू लागला, तर गुणवत्तेचा निर्णय हवामानाच्या अज्ञानावर आधारलेला असेल. 'व्हिस्की बायबल' या वार्षिकाच्या २०१० च्या आवृत्तीत जिम मरे यांनी अमृत फ्यूजन या व्हिस्कीस जगात तिसरे स्थान दिले होते. तिच्या बाटलीवर वयाचा आकडा नव्हता.

समारोप

मद्यपानाचे आरोग्यावरील दुष्परिणाम निर्विवाद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला. रसपरीक्षण हे मद्यपानाचे समर्थन नव्हे. जेथे घोट गिळला जात नाही, तेथे प्रश्न आस्वादाचा नसून निर्णयाचा असतो. प्रत्येक शैली तिच्या स्वतःच्या निकषांवर तपासणे, नमुन्याची ओळख लपवणे, परीक्षकाची चाचणी घेणे आणि गंधास नेमके नाव देणे ही शिस्त हापूस, कोकम आणि काजूच्या बोंडूपासून बनणाऱ्या पदार्थांनाही तितकीच लागू पडते. गोव्याच्या काजू फेणीस २००९ मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. मानांकनाने नावाचे रक्षण होते. गुणाची पारख मात्र प्रशिक्षित नाक व जीभ यांनाच करावी लागते. महाविद्यालयांतील रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि मराठी या विभागांना एकत्र काम करता येईल असे हे क्षेत्र आहे. परक्या हवामानात घडलेला निकष तपासून न घेता स्वीकारला, तर आपल्या मातीतील गुण आपल्यालाच ओळखता येणार नाही.