जात्याच्या दगडाची मुंबई

बसा पोरांनो, कंदिलाजवळ सरका, गोधडी घ्या अंगावर. भात राखायला खळ्यावर आलोय म्हणजे रात्र मोठी आहे आणि गोष्टीला कसली घाई नाही. हा धाकटा मघापासून एकच विचारतोय, "आजोबा, उद्या मुंबईत काय काय बघायचं?" पहाटे उंबरमाळीच्या ठेसनात लोकल धरायची म्हणून त्याची झोपच उडालीय. गेटवे बघ, राणीचा बाग बघ, घारापुरी बघ असं सगळे सांगतात, आणि ते बघायचंच, पण बाळा, त्याआधी तिथल्या दगडाची गोष्ट ऐक, मग ती मुंबई तुला वेगळीच दिसेल.

मुंबई म्हणजे मुळात समुद्रातली सात बेटं. 1534 साली ती पोर्तुगिजांकडे गेली आणि 1661 साली त्यांनी ती राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, हे तुम्ही शाळेत शिकलात. पण मधली साठ वर्षं, 1580 ते 1640, पोर्तुगाल आणि स्पेन या दोन्ही देशांचा राजा एकच होता, म्हणजे माहीमच्या खाडीत कोळी जाळं टाकायचे आणि त्या पाण्याचा धनी बसलेला असायचा पार स्पेनात! त्याच राजाकडे आफ्रिकेच्या अंगाला अटलांटिक समुद्रातली कॅनरी बेटं होती, ती आजही स्पेनचीच आहेत. ती बेटं आगीच्या पोटातून आलेली. 2021 च्या सप्टेंबरात तिथल्या ला पाल्मा बेटावर जमीन फाटली, 85 दिवस तापलेला रस वाहत राहिला, घरं आणि केळीच्या बागा गिळत समुद्रात उतरला आणि थिजता थिजता बेटाला नवी जमीन जोडून गेला.

आता नीट ऐका. आपल्याकडेही असंच झालं होतं, पण ते बघायला माणूस नव्हता, कारण गोष्ट आहे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. एक डोंगर फुटला असं नव्हे, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून रस उतू आला, चुलीवरचं दूध उतू जाऊन सगळ्या चुलवणावर पसरावं तसा. एक थर निवायचा, त्यावर दुसरा यायचा, असे थरावर थर चढत गेले, आणि आजही पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्या दगडाखाली आहे. कसारा घाटात डोंगराला पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. कुठे दोन थरांमध्ये तांबडी पट्टी दिसते, ती मधल्या निवांत काळात झालेली माती, वरच्या रसानं भाजून निघालेली. मुरबाडच्या बाजूला माळावर मध्येच काळी दगडी भिंत सरळ रेघेत गेलेली दिसते, कुणी बांधल्यासारखी, तर ती म्हणजे भेगेतच थिजून राहिलेला रस. आणि नांगराला लागतात त्या पांढऱ्या गारगोट्या, ज्या तुम्ही खिशात भरता आणि आजी धुताना ओरडते, त्या त्या रसातल्या हवेच्या बुडबुड्यांत पुढे पाण्याबरोबर मुरत मुरत तयार झालेले खडे आहेत.

तर बाळा, हाच दगड तुझ्या आधी मुंबईला पोचलेला आहे. अंधेरीला गिलबर्ट हिल नावाची टेकडी आहे, दोनशे फूट उंच, वर गावदेवीचं देऊळ, भोवती इमारतींची दाटी. तिच्या कड्याकडे बघ, दगडाचे खांबच खांब, कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावाव्यात तसे एकाला एक चिकटून. पहिल्यांदा बघितले तेव्हा मला वाटलं, हे कुणी घडवले असतील. मग आपलं खाचर आठवलं. पाऊस गेला, पाणी आटलं की चिखल आकसतो आणि त्याला पाचकोनी, सहाकोनी तडे जातात की नाही? जाड साठलेला रस निवताना तसाच आकसला, तडे वरून खाली उतरत गेले आणि खांब सुटे झाले. चिखलाचा तडा वीतभर जातो, हा टेकडीभर गेला, एवढाच काय तो फरक.

वरळीची गंमत तर याहून न्यारी. एक थर निवला आणि दुसरा यायला वेळ लागला की मधल्या काळात पाऊस साचून तळी व्हायची, आणि तळं म्हटलं की बेडूक आलाच. तसले बारके बेडूक वरळीच्या टेकडीत दगडात सापडले, नुसती हाडंच, पण एकेक बोट मोजता येईल अशी. 1847 साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानं त्यांचं वर्णन लिहिलं, ज्यानं 'डायनोसॉर' हा शब्द काढला तोच हा माणूस. एवढी आग ओकणाऱ्या मुलखात दोन कढांच्या मध्ये कुणीतरी डराव डराव करत होतं, हे आठवलं की मला पहिल्या पावसातल्या आपल्या ओहोळाचा आवाज ऐकू येतो.

गेटवेवरून बोटीनं तासाभरात घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं ध्यानात ठेव. 1924 साली उघडलेला तो गेटवेसुद्धा पिवळसर बेसॉल्टचाच, म्हणजे आपल्याच दगडाच्या भाऊबंदाचा. घारापुरीला मात्र कुणी दगड आणून रचला नाही. अखंड डोंगरातून नको तेवढा काढून टाकला, आणि जो राहिला तो तीन तोंडांचा महादेव, तीन पुरुष उंच, डोळे मिटलेला. बंदराशी एक दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीज त्या बेटाला 'एलिफंटा' म्हणू लागले. 1864 साली तो विलायतेला न्यायला उचलला, तर साखळदंड तुटून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले, 1914 साली जोडले, आणि आज तो हत्ती राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. त्याच्या अंगावर सांधे दिसतात. हात लावू नकोस, पण थांबून बघ.

आपल्या घरचं जातंही याच दगडाचं. माझ्या लहानपणी वर्षातून एकदा पाथरवट यायचा, ओट्यावर फतकल मारून जात्याला टाकी लावायचा, आणि टक टक टक असा आवाज दुपारभर चालायचा. दगड गुळगुळीत झाला की दळण नीट पडत नाही, म्हणून त्याला पुन्हा खरखरीत करायचं. घारापुरीला पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवर टाकीचे वार दिसले आणि कानात तोच आवाज घुमला, दीड हजार वर्षांपलीकडून.

उद्या उजाडायच्या आधी आजी नव्या तांदळाचं दळायला बसेल, तुझ्या शिदोरीच्या भाकरीसाठी. निघण्याआधी तिच्याजवळ घटकाभर बस आणि जात्याच्या पाळीवर हात ठेव. महादेवाच्या डोळ्याखालचा दगड हाताला कसा लागतो, ते तुला इथेच कळेल.