पार्लरची कमाई कुणाच्या नावावर?

तुळशीचं लग्न लागलं की आम्हा पार्लरवाल्यांना दोन हात पुरत नाहीत. मेंदी, फेशियल, साडी नेसवणं, नवरीचा मेकअप, ही धावपळ पाऊस सुरू होईपर्यंत चालते. मी टिळकवाडीत बावीस वर्षं पार्लर चालवते आहे. व्यवसायातल्या मैत्रिणी भेटल्या की आयब्रोच्या दोऱ्यापासून हेअर कलरपर्यंत सगळ्यावर बोलणं होतं. टॅक्सचं नाव काढलं की मात्र, "आमचं काय मोठं दुकान हाय काय गे?" म्हणून विषय संपतो.

जुलै २०२५ मध्ये हा विषय संपवता येईना. कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या आणि ठिकठिकाणी दुकानांतले क्यूआर कोड खाली उतरले. आमच्यातल्या काहीजणींनीही "फक्त रोख" अशी पाटी लावली. मला तो उपाय कधीच पटला नाही. रोख घेतलं म्हणून उत्पन्न नाहीसं होत नाही, आणि भीती होती ती मुळात दोन वेगळे कर एकच समजल्यामुळे.

जीएसटी पाहिला जातो एकूण उलाढालीवर, खर्च वजा न करता. सेवा देणाऱ्यांसाठी कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे ही मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे, म्हणजे महिन्याला सरासरी १ लाख ६६ हजार. पार्लरमध्ये क्रीम, शाम्पू विकत असाल तर ती विक्रीही त्यातच धरायची. घरच्या पुढच्या खोलीत चालणारी बहुतेक पार्लरं या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. पण भिशीचे पैसे, बहिणीने पाठवलेले उसने, मुलाची फी, सगळं एकाच खात्यात येत असेल तर धंद्याचं किती आणि घरचं किती हे सांगणं कठीण जातं. म्हणून धंद्याचं खातं वेगळं ठेवायचं. ज्यांची नोंदणी आहे त्यांच्यासाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून ब्युटी सेवेवरचा दर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मात्र माल घेताना भरलेला जीएसटी आता वजा मिळत नाही. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं चुकीचं, हेही सांगून ठेवते.

आपल्या सीमाभागात आणखी एक शंका हमखास निघते. बेळगावची ब्युटिशियन चंदगडला किंवा फोंड्याला नवरी सजवायला गेली तर दुसऱ्या राज्यात काम केलं म्हणून नोंदणी करावी लागते का? नाही. सेवा देणाऱ्यांना ऑक्टोबर २०१७ पासून ही सूट आहे. देशभरातली उलाढाल मिळून २० लाखांच्या आत असली की पुरे.

आता आयकर. हा उलाढालीवर नाही, उत्पन्नावर. छोट्या धंद्यांसाठी अंदाजे उत्पन्नाची एक सोय आहे. १९६१ च्या कायद्यात तिला कलम ४४एडी म्हणत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा आकडा बदलला, सोय तीच राहिली. रोख जमेच्या ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेच्या ६ टक्के एवढं किमान उत्पन्न दाखवायचं. हिशेबाच्या जाडजूड वह्यांची सक्ती नाही. (डॉक्टर-वकिलांची ५० टक्क्यांची योजना वेगळी. तिच्या यादीत ब्युटिशियन नाही.)

इथेच एक गंमत होते. शहापूरच्या माझ्या एका मैत्रिणीची वर्षाची जमा ९ लाख, त्यातले ३ लाख रोख. करसल्लागाराने २४ हजार आणि ३६ हजार मिळून ६० हजार उत्पन्न दाखवलं. टॅक्स शून्य, म्हणून ती खूश. पुढे नवीन खुर्च्या आणि एसीसाठी कर्ज मागायला गेली, तर बँकेतल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "वर्षाला साठ हजार म्हणजे महिन्याला पाच. आठ हजारांचा हप्ता कुठून भरणार, ताई?"

भाडं, दोन मुलींचा पगार, सामान, लाईट बिल वजा जाता तिच्या हातात खरं म्हणजे साडेचार लाख उरत होते. कायदा ८ आणि ६ टक्के ही किमान पातळी म्हणतो. जास्त उरत असेल तर तेवढं दाखवायचं. आणि दाखवलं असतं तरी टॅक्स शून्यच! आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या कररचनेत अशा धंद्याच्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही. ४ लाखांवर उत्पन्न गेलं की रिटर्न मात्र भरावंच लागतं. एकही रुपया न वाचवता तिने स्वतःची ऐपत कागदावर साडेसात पटींनी कमी करून घेतली होती. करसल्लागाराला दोष देऊन उपयोग नाही. त्याला "टॅक्स येऊ देऊ नका" एवढंच सांगितलं होतं, कर्जाचं कुणी बोललंच नव्हतं.

याहून मला खटकतो तो आरशाशेजारी चिकटवलेला क्यूआर कोड. स्कॅन केला की नाव येतं नवऱ्याचं, नाहीतर मुलाचं. वडगावच्या एका मैत्रिणीकडे नऊ वर्षं असंच चालू होतं. मिस्टर चांगले, पैशाला कधी नाही म्हणाले नाहीत. पण त्यांच्या खात्यात आलं म्हणून ते त्यांचं उत्पन्न होत नाही, आणि विचारणा झाली तर उत्तर मात्र त्यांना द्यावं लागणार. हिच्या पासबुकात गॅसची सबसिडी सोडून काही नाही. फॉर्मवर व्यवसायापुढे "गृहिणी". सकाळी दहा ते रात्री आठ उभी राहून दोऱ्याने बोटं कापून घेणारी बाई सरकारदरबारी काहीच कमवत नाही!

गेल्या हंगामात तिने बचत खातं उघडलं, नवा कोड लावला. नवरीच्या मेकअपचा आगाऊ आलेला पैसाही तिथेच. रोजच्या रोख जमेसाठी शंभर पानी वही केली: तारीख, काम, रक्कम, बस. महिनाअखेरीला दोन्ही आकडे जुळवायला माझ्याकडे आली. बेरीज पाहून म्हणाली, "एवढं मिळवतो काय गे मी?" आणि पुन्हा पहिल्या पानापासून बोट ठेवून मोजायला लागली.

तिचं पहिलं रिटर्न आता भरायचं आहे. पॅन कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ते आधी दुरुस्त करायला दिलंय.