चार बाकड्यांचं हॉटेल कागदावर कुठे आहे?

मार्च २०२२ च्या शेवटच्या गुरुवारी राज्य मंत्रिमंडळानं कोरोनाचे सगळे निर्बंध मागे घ्यायचं ठरवलं आणि शनिवारी दोन वर्षांनंतर पाडवा मोकळेपणानं साजरा झाला. मधल्या शुक्रवारी, १ एप्रिलला, हॉटेलवाल्यांची १९ किलोची गॅसटाकी एका दिवसात अडीचशे रुपयांनी महागली. मुंबईत तिचा भाव २,२०५ रुपयांवर गेला. सोलापूर–धुळे महामार्गावर येरमाळा ओलांडला की लागणाऱ्या तेरखेड्यासारख्या गावात या दोन बातम्यांपैकी दुसरी आधी पोचते. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे साऱ्या मराठवाड्याला माहीत असलेलं हे गाव. अशा गावांत हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढ्यात भट्टी, आत चार बाकडी आणि गल्ल्याशेजारी उधारीची वही. हायवेला लागून ढाबे. स्टँडवरच्या हॉटेलाचं गिऱ्हाईक एसटीतून उतरतं, आणि एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीपासून तेव्हाही मिटलेला नव्हता. निर्बंध उठले म्हणून या हॉटेलांचे हाल संपले असं समजणं घाईचं होतं. कोरोनाच्या त्या दोन वर्षांत नियम करताना आणि मदत वाटतानाही सरकारच्या डोळ्यांपुढे शहरातलं रेस्टॉरंट होतं. गावातलं हॉटेल त्या नियमांत बसलं नाही आणि त्या मदतीतही बसलं नाही.

आधी नियमांचं पाहू. बसून खायला बंदी, पार्सलला मुभा, हे सूत्र मार्च २०२० पासून लागू झालं आणि ५ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या क्षमतेनं दारं उघडेपर्यंत टिकलं. एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’च्या आदेशांनी तेच पुन्हा आलं. पुण्या-मुंबईत या मुभेला अर्थ होता, कारण तिथं घरपोच डबा पोचवणाऱ्या कंपन्यांची फौज होती आणि ऑर्डर देणारं गिऱ्हाईक घरात बसलेलं होतं. गावातल्या हॉटेलाचं गिऱ्हाईक घरातलं नसतंच. ते बाजाराला आलेलं असतं, तहसीलच्या कामाला निघालेलं असतं, कारखान्यातल्या पाळीवरून चहाला बाहेर पडलेलं असतं. त्याला पार्सल देऊन ते खायचं कुठं? कढईतून काढलेली भजी कागदात गुंडाळली की पाच मिनिटांत वाफेनं मऊ पडतात, पोहे गार होऊन घट्ट बसतात. पिशवीतला चहा शेजारच्या दुकानापर्यंत जातो, त्यापुढे नाही. हे हॉटेल पदार्थांइतकीच बसायची जागा विकतं. पाऊस येईपर्यंत, गाडी लागेपर्यंत, व्यवहार ठरेपर्यंत टेकायला मिळणारं बाकडं हाच त्याचा माल, आणि बंदी नेमकी त्याच मालावर होती. पुढे निम्म्या क्षमतेची अट आली. शंभर खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला पन्नासांवर भाडं आणि पगार कसेबसे भागवता येतात. चार बाकड्यांची दोन झाली, तर भट्टीचं सरपण मात्र तेवढंच लागतं. जून २०२१ च्या अखेरीस सगळं राज्य निर्बंधांच्या किमान तिसऱ्या स्तरात गेलं आणि बसून खायची वेळ दुपारी चारपर्यंत आली, तीही शनिवार-रविवार सोडून. १५ ऑगस्टला रात्री दहाची मुभा मिळेपर्यंत हेच चाललं. शेवभाजी-भाकरीच्या ढाब्यावर खरी गर्दी दिवस मावळल्यावर होते. चार वाजता बंद म्हणजे तो ढाबा बंदच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जेवताना तोंडावर मास्क राहत नाही, आणि बंदिस्त जागेत एकत्र जेवण्यातून संसर्ग पसरतो हे नुसतं अनुमान नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्वांगझौमधल्या एका रेस्टॉरंटात शेजारच्या टेबलांवर जेवणाऱ्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना लागण झाली, आणि अभ्यासकांनी बोट ठेवलं ते वातानुकूलन यंत्राच्या झोतावर. निर्बंध हवेच होते. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनसाठी झालेली धावाधाव पाहिल्यावर त्याबद्दल वाद घालू नये. पण ग्वांगझौच्या त्या उदाहरणात मुद्दा हवेचा आहे. दारं-खिडक्या लावलेलं वातानुकूलित रेस्टॉरंट आणि तीन बाजूंनी उघडा, लिंबाखाली बाजा टाकलेला ढाबा यांत हवेच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक. नियमानं दोघांना एकच टक्केवारी आणि एकच घड्याळ लावलं. न्यूयॉर्कनं २०२० च्या उन्हाळ्यात आधी उघड्यावरच्या जेवणाला परवानगी दिली आणि आतल्या जेवणाला बरीच नंतर. आपल्याकडे केंद्रानंही १५ एप्रिल २०२० च्या सूचनांत महामार्गावरचे ढाबे आणि ट्रकदुरुस्तीची दुकानं ठराविक अंतरानं २० एप्रिलपासून उघडायला मुभा दिली होती. माल हलायचा तर चालकाच्या पोटाची सोय लागते, हे तेव्हा ओळखलं गेलं. पाहायचं ठरवलं की ढाबा दिसतो, याचा हा पुरावा.

मदतीची गोष्ट याहून दुखरी आहे. मे २०२० मध्ये केंद्रानं लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींची हमी योजना आणली. तिच्यात आधीच्या थकीत कर्जाच्या २० टक्के नवं कर्ज विनातारण मिळायचं. मार्च २०२१ मध्ये आदरातिथ्य क्षेत्रासाठी ते ४० टक्के झालं. आता ज्यानं बँकेचं कर्ज कधी घेतलंच नाही, ज्याची उधारी किराणावाल्याकडे आणि दूधवाल्याकडे आहे, त्याला शून्याचे ४० टक्के मिळतात. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी पंतप्रधान स्वनिधीतून दहा हजारांचं कर्ज होतं, पण ती योजना शहरी भागातल्या विक्रेत्यांसाठी. तेरखेड्याचा कारभार ग्रामपंचायतीचा. १३ एप्रिल २०२१ ला राज्यानं ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत बांधकाम कामगार यांना दीड हजार रुपये मिळणार होते. हॉटेल चालवणारा आणि त्याच्याकडचा आचारी किंवा कपबशा विसळणारी बाई या यादीत कुठंच नव्हती. जे कर भरत नाहीत, नोंदणी करत नाहीत, त्यांना सरकारनं का पोसावं, असं विचारलं जातं. सेवाव्यवसायाला वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हा कायदाच आहे. या मर्यादेतलं हॉटेल कर चुकवत नाही. उलट व्यावसायिक टाकीवरचा १८ टक्के जीएसटी ते भरतं आणि त्याची वजावट त्याला मिळत नाही.

जर्मनीनं नोव्हेंबर २०२० मध्ये बंद ठेवलेल्या रेस्टॉरंटांना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या विक्रीच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई दिली. तेवढा पैसा आपल्याकडे नाही आणि वहीतल्या विक्रीचा पुरावाही नाही, हे मान्य. पण महाराष्ट्राच्या हातात एक साधन होतं, तेही स्वतःचं, कोरोनाच्या आधीपासूनचं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू झालं. तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. ही थाळी देणाऱ्या केंद्राला शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये मिळायचे; गिऱ्हाईक दहा द्यायचं, टाळेबंदीत पाच, १५ एप्रिल २०२१ पासून काही महिने काहीच नाही. उरलेलं सरकार भरायचं. केंद्र चालवायला खानावळ, बचत गट, भोजनालय कुणीही पात्र होतं, आणि जेवणाऱ्याचा फोटो मोबाइल अ‍ॅपवर चढला की नोंद होत होती. या योजनेकडे सगळ्यांनी भुकेल्याच्या बाजूनं पाहिलं, ते योग्यच होतं. मला ती रांधणाऱ्याच्या बाजूनंही मोलाची वाटते. कर्ज नको, तारण नको, जुना ताळेबंद नको. ताट वाढलं की पैसे. सुरुवातीच्या नियमात एका केंद्राला रोज किमान ७५ थाळ्या होत्या. ग्रामीण दरानं हे दिवसाला २,६२५ रुपये होतात. गॅस, किराणा आणि दोन माणसांची मजुरी भागवून एखादं हॉटेल वर्षभर तग धरू शकलं असतं, असा हा आकडा होता. टाळेबंदीत ही योजना तालुक्याच्या गावापर्यंत आली. ती हायवेवरच्या मोठ्या गावांपर्यंत आणि त्यातल्या चालू हॉटेलांपर्यंत वाटून द्यायला हवी होती.

थाळ्या फुगवून दाखवल्या जातील, ही भीती खोटी नाही. पण न मिळालेल्या कर्जापेक्षा तपासता येणारी थाळी बरी. चहा-भज्याचं हॉटेल जेवण कसं करणार, असंही कुणी म्हणेल. गावात लग्नाच्या पंगती उठवणारे आचारी बहुतेक याच भट्ट्यांवर घडलेले असतात.

शिवभोजनाची ही सोय एप्रिल २०२२ मध्ये नव्यानं मागायला कारण होतं. टाकी महाग झाली होती, युक्रेनच्या युद्धानं सूर्यफूल तेल कडाडलं होतं, एसटी कधी धावेल सांगता येत नव्हतं. तालुक्याच्या गावापुरती असलेली शिवभोजनाची यादी महामार्गावरच्या फाट्यांपर्यंत वाढवायला नवा कायदा लागत नव्हता, एक शासन निर्णय पुरला असता. १६ एप्रिलला चैत्र पौर्णिमा होती. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा दोन वर्षांनी भरायची होती, चुनखडी वेचायच्या प्रथेसाठी लोक येणार होते, आणि तेरखेड्यापर्यंतच्या रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलाला त्या चार-पाच दिवसांसाठी तेल, बेसन आणि दोन जादा टाक्या आधीच भरून ठेवायच्या होत्या. त्यासाठीचे पैसे उधारीच्याच वहीतून यायचे होते, आणि त्या वहीत २०२० ची पानं तेव्हाही फिटायची राहिली होती.