हेल्मेटची काळी काच

आमच्या बार्शीत मार्च लागला की दुपारच्या वेळी रस्त्यावर बायका ओळखू येत नाहीत. अंगात सनकोट, हातात मोजे, डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्टोल आणि वर गॉगल. सख्खी जाऊ शेजारून गेली तरी तिनं हॉर्न दिल्याशिवाय कळायचं नाही! रंग काळवंडू नये म्हणून आपण एवढा बंदोबस्त करतो. पण ज्या डोक्यात अख्ख्या घराचा हिशेब असतो, ते डोकं मात्र उघडंच ठेवतो. माझ्याकडे हेल्मेट होतं. पण ते मी कसं घेतलं होतं, ते आधी ऐका.

बचत गटांच्या कामासाठी आठवड्यातून तीन-चार दिवस मला स्कूटीवरून आसपासच्या गावांना जावं लागतं. मला चष्मा आहे, त्यावर गॉगल बसत नाही आणि उन्हानं डोळ्यांतून पाणी येतं. एक दिवस रस्त्याच्या कडेला हेल्मेटं मांडून बसलेला एक विक्रेता दिसला. “ताई, ही काळी काच बघा. गॉगलची गरजच नाही,” तो म्हणाला. ३०० सांगितले, २५० ला दिलं. भाजी घेताना एक वांगं मी चार वेळा उलटसुलट करून बघते. हेल्मेट मात्र आरशात एकदा बघितलं, बरं दिसलं, घेतलं!

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्येच वैरागकडच्या एका गावात गटाची बैठक होती. मोठ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, “मीही येते गं, तेवढाच बदल,” म्हणून मागे बसल्या. एका बाजूला पाय, डोक्यावर पदर. हेल्मेट एकच, ते माझ्या डोक्यावर. परत यायला सहा वाजून गेले. सूर्य अगदी समोर, म्हणून मी काळी काच खाली ओढलेली. वाटेत एका ठिकाणी चिंचेच्या झाडांची दाट रांग आहे. उन्हातून एकदम त्या सावलीत शिरलो आणि माझ्यासमोर अंधारच झाला. तिथं एक गतिरोधक होता, पांढरे पट्टे नसलेला. मला तो दिसलाच नाही.

गाडी उडाली. मी एकीकडे, अक्का दुसरीकडे. माझं हेल्मेट पडताक्षणी डोक्यातून निसटून घरंगळत गेलं आणि कपाळाला सहा टाके पडले. अक्कांना वरून काही लागलेलं दिसत नव्हतं. “मला काही झालं नाही, तू तुझं बघ,” असंच त्या म्हणत होत्या. अर्ध्या तासानं त्यांना उलटी झाली आणि मग बोलणं तुटायला लागलं. सोलापूरच्या दवाखान्यात त्या अकरा दिवस होत्या. आज त्या हिंडत्या-फिरत्या आहेत, देवाची कृपा. पण पंचवीस माणसांचा स्वयंपाक नुसत्या अंदाजानं करणारी ही बाई आता मिठाचा डबा हातात धरून मला विचारते, “घातलं का गं मी?” त्या मला आजवर एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेच जास्त बोचतं.

त्यानंतर सहा महिने मी गाडीला हात लावला नाही. पण कामं कुणाची थांबतात? पुण्याला नोकरी करणारी माझी भाची म्हणाली, “मावशी, गाडी चालव, पण आतल्या काळ्या काचेचं हेल्मेट घे.” म्हणजे कसं? तर या हेल्मेटला दोन काचा असतात. बाहेरची मोठी, पांढरी, आरपार दिसणारी. ती धूळ, चिलटं, पाऊस अडवते. तिच्या आत दुसरी छोटी, गॉगलसारखी काळसर काच हेल्मेटच्या खाचेत दडलेली असते. खटका सरकवला की ती डोळ्यांसमोर उतरते, परत सरकवला की वर जाते. ऊन असेल तेव्हा खाली. सावली, ढग किंवा संध्याकाळ आली की वर. माझ्या जुन्या हेल्मेटला एकच काच आणि तीही काळी. वर केली तर धूळ डोळ्यांत, खाली केली तर अंधार.

माझा अपघात का झाला, तेही तेव्हा उमगलं. भर उन्हातून अंधाऱ्या माजघरात गेलो की क्षणभर काही दिसत नाही ना, तसंच रस्त्यावर होतं. डोळ्यांना सावलीची सवय व्हायला वेळ लागतो, आणि चाळिशीनंतर तो वेळ वाढत जातो. त्यात काळी काच असेल तर विचारायलाच नको. आणि तेवढ्या वेळात गाडी कितीतरी पुढे गेलेली असते.

पण मैत्रिणींनो, काळी काच ही शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी बघायचं ते हेल्मेट. कुकर घेताना आपण आयएसआयचा शिक्का बघतो, तसाच इथंही बघायचा. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय शिक्क्याचंच हेल्मेट विकता येतं. शिक्क्याच्या वर आयएस ४१५१ हा आकडा आणि खाली सीएम/एल या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ नावाचं ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कुठल्या कंपनीचा परवाना आहे ते कळतं. माझ्या २५० रुपयांच्या हेल्मेटवरही शिक्का होता, पण नखानं निघणारा आणि क्रमांकाशिवाय!

हेल्मेटचं खरं काम करतो तो आतला थर्मोकोलसारखा दाट थर. डोकं आपटलं की तो दबतो आणि तडाखा स्वतःवर घेतो. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी वापरायचं नाही, आणि कुणाचं जुनं मागून घ्यायचं नाही.

दुसरी गोष्ट माप. घरी शिवणकामाची टेप असतेच. भुवयांच्या थोडं वर, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून टेप फिरवा. ५८ सेंटिमीटर भरलं तर हेल्मेटवर ५८० हा आकडा शोधा. मीडियम, लार्ज या अक्षरांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं मीडियम वेगळं असतं. आणि माप घेताना, हेल्मेट घालून बघताना केसांचा क्लचर काढा, अंबाडा सोडा, खाली मानेवर वेणी किंवा सैल गाठ ठेवा. अंबाड्यावर बसलेलं हेल्मेट डोक्यावर नसतंच, केसांवर असतं. स्टोलचंही तसंच. जाड स्टोलवरून घेतलेलं हेल्मेट स्टोल नसताना ढिलं होतं. पातळ सुती रुमाल बांधून घ्या आणि रोज तोच बांधा.

दुकानात लाजू नका. मी पंधरा मिनिटं हेल्मेट घालून बसले. दुकानदार म्हणाला, “काकू, घरी जाऊन बघा की!” म्हटलं, “साडीला तासभर घालवते, याला पंधरा मिनिटं नको का?” गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. मान हलवली की हेल्मेट मानेबरोबर फिरलं पाहिजे, मागे राहता कामा नये. कपाळावर एकाच जागी दुखलं तर तो आकार आपला नाही. हनुवटीखालचा पट्टा बांधल्यावर त्यात दोनच बोटं जावीत. मग मागून धरून पुढे ओढून बघा; निघून आलं तर नको. माझं तसंच निघालं होतं.

आता काळी काच. चष्मा असेल तर तो घालूनच काच खाली घ्या. नाकाला किंवा चष्म्याला टेकत असेल तर दुसरं बघा. खटका डाव्या हाताला येणारा बरा, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो. पण आपल्या स्कूटीला मागचा ब्रेक डाव्या हातात असतो, म्हणून रस्ता मोकळा असतानाच खटक्याला हात लावायचा. दुकानात डोळे मिटून दहा वेळा सरकवून बघा. अडकणारी काच नको. फार गडदही नको. काळी तितकी चांगली हा आपला गैरसमज आहे. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघा. तिथलं सामान ओळखू आलं पाहिजे. दिवेलागणीनंतर मात्र ती काच वर म्हणजे वरच.

काचेला पेट्रोल, थिनर लावू नका, कोरड्या फडक्यानं पुसू नका. भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी आणि मऊ कापड पुरे. चरे पडले की रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश काचभर पसरतो.

मला हे हेल्मेट १,९०० रुपयांना पडलं. दोन घेतली. दुसरं अक्कांचं. मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागत नाही, असं आपल्याकडे धरूनच चालतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, हे मला कपाळाचे टाके निघाल्यावर कळलं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक रस्त्यावर गेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. आपल्या गावांत मागे कोण बसतं? आई, बायको, सासू, शाळेतली मुलगी. हेल्मेटमुळे दुचाकीच्या अपघातात डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष जगभरातल्या अभ्यासांच्या २००८ सालच्या एका आढाव्यात निघाला आहे.

“एवढे पैसे कुठून आणायचे?” असं आमच्या गटातल्या बायका म्हणाल्याच. मग आम्ही ठरवलं, शिलाई मशिनला अंतर्गत कर्ज देतो तसं हेल्मेटलाही द्यायचं; अट एकच, घ्यायची ती दोन. महिना दोनशेच्या हप्त्यानं आतापर्यंत नऊ घरांत जोड्या आल्या. एकीचा नवरा म्हणाला, “बायकोला कशाला?” ती म्हणाली, “मग तुम्ही मागे बसा!”

अक्का पुन्हा गाडीवर बसायला वर्ष गेलं. आता बसतात, दोन्हीकडे पाय टाकून, पदर खोचून, हेल्मेटचा पट्टा माझ्याकडून तपासून घेऊन. त्यांना बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत. पण त्या चिंचेच्या झाडांजवळ आलो की न चुकता माझ्या खांद्यावर थाप पडते.

“काच वर कर गं.”