गिअरबॉक्सचं तेल: काडी कधी वाचावी
जुन्या गाडीची निगा – भाग ५

गेल्या आठवड्यात आपण इंजिन ऑइलची पातळी पाहिली. गाडी बंद करायची, तेल खाली उतरू द्यायचं आणि मग डिपस्टिक ओढायची. हीच सवय ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला लावली, तर बहुतेक गाड्यांत पातळी चुकीची दिसते. चुकीच्या पातळीवर विसंबून तेल ओतलं, की चांगला चाललेला गिअरबॉक्स आपणच बिघडवतो.

हा भाग टॉर्क कन्व्हर्टर आणि डिपस्टिक असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे: पहिली आय-टेन, जुनी कोरोला, जुनी होंडा सिटी. २०१४च्या सेलेरिओपासून रुळलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल पेटीच, तिचा विचार वेगळा. काही गाड्यांत काडीच नसते. तिथे गाडी लिफ्टवर सपाट उचलून, ठरलेल्या तापमानाला बूच उघडून पातळी ठरवतात. ते काम वर्कशॉपवर सोडा.

आता हिंजवडीकरांचा खास प्रश्न. संध्याकाळी फेज तीनहून निघालात, शिवाजी चौकात अडकलात, पुढे वाकडच्या पुलापर्यंत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकली. एवढा वेळ गिअर ‘डी’मध्ये आणि पाय ब्रेकवर. टॉर्क कन्व्हर्टरमधलं इंजिनकडचं चाक तेल भिरकावत राहतं, पण गिअरबॉक्सकडचं चाक थांबलेलं असतं. मधली सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. तापलेलं तेल फुगतं, म्हणून घरी पोचल्या पोचल्या काडी पाहिली तर ते जास्त भरतं. उन्हाळ्यात शहराच्या गर्दीतून आल्यावर साधारण अर्धा तास थांबा, असं टोयोटाच्या पुस्तिका सांगतात ते याचसाठी. उलट, सकाळी थंड गाडीत तेल कमी दिसतं आणि माणूस घाईने बाटली उघडतो. हीच चूक मला सगळ्यात महागाची वाटते.

रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणा. तेल साधारण ७०-८० अंशांना यायला हवं. मग खरोखर सपाट जागा शोधा. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून ढाळ दिलेला असतो, तिकडे लक्ष ठेवा. हँडब्रेक ओढा, चाकांना उटी लावा, इंजिन चालूच राहू द्या. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये क्षणभर थांबवत फिरवा आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ‘पी’ किंवा ‘एन’वर आणा. बॉनेट उघडल्यावर ओढणी, सैल बाही पंख्यापासून लांब. काडी काढून धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन्ही बाजू वेगळ्या दिसल्या तर खालची खूण धरा. ती ‘हॉट’च्या दोन रेघांमध्ये असली, की झालं.

जुन्या होंडाची रीत मात्र निराळी: तेल गरम झाल्यावर इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत काडी पाहायची. इंजिन चालू असताना पंप तेल कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत खेळवतो, बंद केल्यावर त्यातलं काही खाली उतरतं. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीची रीत आपल्या गाडीला लावू नका.

तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरते गिअर ते घुसळून फेस करतात. दोन्हीकडे हवा तेलात मिसळते, दाब टिकत नाही, आतले क्लच घसरतात आणि जळतात. म्हणून भरताना लांब नळीच्या नरसाळ्यातून थोडं थोडं ओता आणि दर वेळी पुन्हा मोजा. तेलही पुस्तिकेतलंच हवं, उदाहरणार्थ जुन्या ह्युंदाईला एसपी-थ्री. रंग लाल आहे एवढ्यावर कुठलंही ओतू नका.

काडीवरचं तेल बोटावर घेऊन बघा. स्वच्छ लाल असेल तर उत्तम. काळपट आणि करपल्या वासाचं असेल, तर क्लच झिजले आहेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी आत शिरलंय, मग गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

आणि पातळी खरंच कमी निघाली, तर हे तेल जळून संपत नाही, ते कुठून तरी गळतंय. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरा. सकाळी लाल डाग कुठे पडलाय ते मेकॅनिकला दाखवा. अॅक्सलचे सील, पॅनचं गॅस्केट आणि कूलरच्या नळ्यांचे जोड त्याला आधी तपासायला सांगा.