नौकेतील इंधन टाकीचा गंजप्रतिबंध

नौका दीर्घकाळ उभी असताना किंवा एखादी टाकी वापरातून काढलेली असताना तिच्या पोलादी पत्र्याचे गंजण्यापासून रक्षण करण्याचे उपाय. वापरातील टाकीच्या भिंतींवर इंधनाचे पटल राहते व तळाचे पाणी वेळोवेळी काढले जाते. रिकाम्या टाकीत मात्र उघडा पत्रा, हवा व ओलावा एकत्र येतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून-जुलैमधील मासेमारीबंदीत यांत्रिक नौका ओढून शाकारून ठेवतात. हवा सर्वाधिक दमट असते तीही याच काळात.

कारणे : लोखंड गंजण्यास ऑक्सिजन व पाणी दोन्ही लागतात. पत्र्यावरील पाण्याच्या पातळ थरात लहान लहान विद्युत् घट तयार होतात. त्यांच्या धनाग्री लोखंड विरघळते, तर ऋणाग्री ऑक्सिजनाचे क्षपण होते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांहून कमी असल्यास स्वच्छ पोलाद सहसा गंजत नाही. मात्र पृष्ठावर मीठ असल्यास ते याहून कमी आर्द्रतेतही ओलावा ओढून घेते.

तापमानातील दैनंदिन चढउतारामुळे टाकी हवानळीतून ‘श्वसन’ करते. ५०० लि. क्षमतेच्या रिकाम्या टाकीतील हवेचे तापमान १०° से. ने बदलल्यास सु. १७ लि. हवा आतबाहेर होते. ३०° से. तापमानाच्या बाष्पसंपृक्त हवेतूनही या मार्गाने दिवसाला सु. अर्धा ग्रॅम बाष्प आत येते. गंज धरण्यास एवढे बाष्प पुरेसे असते. परंतु तळाशी कित्येक लिटर पाणी साचलेले आढळल्यास ते बहुधा डेकवरील भरणमुखाच्या जीर्ण गॅस्केटमधून किंवा हवानळीतून शिरलेले असते. तेव्हा प्रथम हे मार्ग तपासावे लागतात. डीझेल व पाणी यांच्या सीमेवर कवके व सूक्ष्मजंतू वाढतात. त्यांपैकी सल्फेट-क्षपणकारी सूक्ष्मजंतूंमुळे ऑक्सिजनाच्या अभावीही पत्र्याला खड्डे पडतात.

उपाय : अल्पकाळासाठी तळाचे पाणी काढून टाकी डीझेलने सु. ९५ टक्के भरून ठेवतात. उरलेली जागा इंधनाच्या प्रसरणासाठी असते. अर्धवट भरलेली टाकी सर्वांत वाईट, कारण तीत पाणी, हवा व उघडा पत्रा तिन्ही असतात.

दीर्घकाळासाठी टाकी रिकामी करणे इष्ट. गाळ व खवले काढून ती पूर्ण कोरडी करतात आणि आतून गंजरोधक तेलाचा फवारा मारतात. इंधननळ्या बुचांनी बंद करून हवानळीवर सिलिका जेलसारखा शोषक भरलेले पात्र बसवितात, म्हणजे आत येणारी हवा कोरडी होऊन येते. शोषक ठराविक काळाने बदलावा लागतो. टाकी पूर्णपणे बंद करणे सपाट पत्र्याच्या टाकीस घातक ठरू शकते. तापमान २०° से. ने वाढल्यास आतील दाब सु. ७ टक्के वाढतो व दर चौ. मी. वर सु. ७०० किग्रॅ. भार पडून पत्रा फुगतो. डीझेलच्या टाकीस आतून जस्ताचा मुलामा देत नाहीत, कारण इंधनातील अम्लांशी जस्ताचा संयोग होऊन बनणारे साबण एंजिनाच्या अंतःक्षेपकांत अडकतात.

टाकी पुष्कळदा बाहेरून, तिच्या आधारापाशी, आधी सडते. नौकेच्या तळाशी साचणारे खारे पाणी लाकूड वा नमदा शोषून धरतो. म्हणून टाकी पाणी न शोषणाऱ्या कृत्रिम रबराच्या पट्ट्यांवर बसवून भोवती हवा खेळती ठेवतात व पत्र्याला एपॉक्सी रंग देतात.

धोके : बंद टाकीतील गंज हवेतील ऑक्सिजन संपवितो. एक घ. मी. हवेत सु. २७० ग्रॅ. ऑक्सिजन असतो आणि तो सर्व शोषून घेण्यास सु. ६३० ग्रॅ. लोखंड गंजणे पुरते. एक मी. बाजूच्या घनाकृती टाकीत हा थर केवळ ०·०१३ मिमी. जाडीचा भरतो. यामुळे घट्ट बंद केलेल्या टाकीतील गंज काही काळाने आपोआप मंदावतो. पण तिच्यात उतरणाऱ्या माणसास तीच गोष्ट प्राणघातक ठरते. सामान्य हवेत ऑक्सिजन सु. २१ टक्के असतो. तो १९·५ टक्क्यांहून कमी असल्यास प्रवेश असुरक्षित मानतात; १० टक्क्यांखाली माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडतो व त्याला काढावयास उतरणाराही बळी पडू शकतो. गाळणीचा मुखवटा येथे निरुपयोगी असतो, कारण तो ऑक्सिजन पुरवीत नाही. ज्योत नेऊन हवेची परीक्षा करणे तर इंधनबाष्पामुळे स्फोटाला आमंत्रण होय. म्हणून माणूस आत शिरू शकेल अशा टाकीचे झाकण उघडून यांत्रिक वायुवीजन करतात, ऑक्सिजन व ज्वालाग्राही बाष्प उपकरणाने मोजतात आणि बाहेर एक माणूस सतत उभा ठेवून मगच आत उतरतात. रिकाम्या टाकीत इंधनबाष्प उरलेले असू शकते, म्हणून ते पूर्णपणे काढून टाकल्याशिवाय तिला वितळजोड देत नाहीत. बंद ठेवलेल्या टाकीवर तशी सूचना ठळकपणे लिहिणे आवश्यक असते.