फाल्गुनरावाचे मूळ गाव

वाईचे घाट मागे टाकून निघालेली कृष्णा सांगलीजवळ हरिपूरला वारणेला भेटते. या संगमावरच्या गावात १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल जन्मले. ‘संशयकल्लोळ’ या नाटकातला फाल्गुनराव त्यांच्या लेखणीतून उतरला, पण हा संशयी गृहस्थ मूळचा कृष्णाकाठचा नव्हे.

आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराचे ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी प्रहसन १७६१ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात रंगले. मर्फीनेही बीज उसनेच आणले होते. मोलिएरने १६६० मध्ये पॅरिसमध्ये केलेल्या ‘स्गानारेल’वर त्याने आपले नाटक उभारले. देवलांनी हात घातला तो मर्फीच्या इंग्रजी नाटकाला, आणि १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक मराठीत आले.

घोटाळा साधाच. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, आणि नेमके तेवढेच त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेला पडते. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर न्याहाळत असताना नवरा पाहतो. मग काय, दोघांचीही झोप उडते!

देवलांचे खरे कसब दिसते ते इथून पुढे. मर्फीची नायिका खानदानी घरातली. पण १८९३ च्या महाराष्ट्रात कुलीन घरातली उपवर मुलगी प्रियकराची तसबीर जवळ बाळगते, हे प्रेक्षकांच्या गळी कसे उतरावे? देवलांनी रेवतीला मघा नायकिणीची मुलगी केले. या एका बदलाने अडचण तर सुटलीच, शिवाय अश्विनशेठच्या प्रेमाला आणि संशयाला वेगळीच धार आली. नायकिणीच्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला कितीसा वेळ लागणार? हा पेच मर्फीकडे नव्हता.

नावांची गंमत निराळीच. फाल्गुन, अश्विन, वैशाख, भादव्या हे महिने. कृत्तिका, रेवती, मघा ही नक्षत्रे. जणू पंचांगच उघडून पात्रांचे बारसे केले! मर्फीच्या नाटकातला संशयी नवरा, लंडनचा सर जॉन रेस्टलेस, या गोतावळ्यात असा मिसळला की पाहणाऱ्याला त्याचा परदेशी सदरा दिसेनासा झाला.

देवलांनी पुढे या नाटकाला पदांची जोड दिली. जून १९१६ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगमंचावर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. बोडसांना गाण्याचा आधार नव्हता. त्यांनी संवादांवरच बाजी मारली. संगीत नाटकात गद्य भूमिकेने एवढी जागा व्यापावी, हे त्या काळी नवलच.

मर्फीचे नाटक आता इंग्लंडात क्वचितच कोणी करते. मराठी फाल्गुनराव मात्र २०१५ मध्येही प्रशांत दामले यांच्या रूपाने रंगमंचावर येऊन बायकोवर संशय घेत होता; सोबतीला अश्विनशेठ म्हणून राहुल देशपांडे गात होते.